दोनशे चार पायऱ्या

प्रिय वहिनी,

माझ्या मागच्या पत्राला तुझ्याकडून एक ओळही आली नाही. रागावली असशील तर तुझं बरोबरच आहे. म्हणून आज दुसऱ्यांदा उत्तर लिहायला बसले आहे, आणि हे पहिल्यापेक्षा लांबणार आहे, तेव्हा पाठीशी उशी घेऊन वाच. रविवारची दुपार आहे. ठमी खिडकीत बसून प्रवासात न्यायच्या वस्तूंची यादी करते आहे. त्यात आतापर्यंत एक भिंग, दोरी आणि शेजारणीचं मांजर एवढं झालंय. टिल्लू टेबलाखाली नवे बूट घालून झोपलाय. प्रवासासाठी आणलेले बूट परवापासून त्याच्या पायातच आहेत. काढ म्हटलं की घर डोक्यावर घेतो, म्हणून मी नाद सोडला.

तू लिहिलं होतंस की डॉक्टर तुला घरी सोडताहेत, काठी घेऊन का होईना पण स्वतःच्या पायांनी चालत तू बाहेर पडणार आहेस, माहेरच्या गावी तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या आहेस, आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलांना तुझ्याकडे आणून सोडावं. साधं, सरळ मागणं. तीन वर्षांपूर्वी त्या अपघातात दादा गेला आणि तू अंथरुणाला खिळलीस, तेव्हा ठमी चार वर्षांची होती आणि टिल्लू आठ महिन्यांचा. तू बरी होईपर्यंत मुलं माझ्याकडे, असं आपलं ठरलं होतं. तू बरी झालीस. आणि मी काय कळवलं, तर सुट्टीत मुलांना अडतीस दिवसांच्या सहलीला नेते आहे, तिकिटं काढून झाली आहेत, सगळीकडे जिने आणि चढ आहेत, तुला झेपायचं नाही, तेव्हा परत आलो की बघू. त्या 'बघू'बद्दल पुढे लिहिते. आधी सहलीचं सांगते, कारण सहल होणार आहे.

पहिले बारा दिवस तळ्याकाठच्या एका गावात. खोली तळमजल्यावर, उंबरठा नसलेली, दार थेट अंगणात उघडतं. घरमालकीणबाईंना मी फोनवर विचारलं, खोलीपासून पाण्यापर्यंत किती पावलं? त्या म्हणाल्या, कुणाची पावलं? प्रश्न अगदी रास्त होता. मी म्हटलं, सावकाश चालणाऱ्या माणसाची. बाई भली. दुसऱ्या दिवशी स्वतः चालून आली आणि सांगितलं, दोनशे दहा, वाटेत चार बाकं, त्यातलं एक मोडकं. मोडकं कितवं तेही विचारून घेतलंय, तिसरं. न्हाणीघरात धरायला दांडी नव्हती, ती बसवून घेते म्हणाल्या. पुढचे आठ दिवस मोठ्या बागेच्या गावी, तिथे मुलांची छोटी आगगाडी आहे आणि रस्ते सपाट आहेत. मग अठरा दिवस समुद्र. तिथलं घरही तळमजल्यावरच आहे, आणि तुझी धाकटी बहीण पहिल्या दिवसापासून मदतीला येऊन राहणार आहे. मी तिच्याशी बोलले, तुला न विचारता. सगळी तिकिटं खालच्या बाकांची काढली आहेत. आता खरोखर काढली आहेत.

प्रवासात मुलं कशी असतात ते लिहून ठेवते. टिल्लूला बसमध्ये मागे बसवलंस तर अर्ध्या तासात उलटी, पुढे बसवलंस तर तो ड्रायव्हरला रस्ता सांगतो. त्यातल्या त्यात दुसरं बरं. ठमीला स्टेशनवर विचारलं तर लघवीला जायचं नसतं, गाडी हलली की लगेच जायचं असतं, तेव्हा न विचारता न्यायचं. दर दोन तासांनी दोघांना खाली उतरवून पाय मोकळे करायला लावायचं, मग त्यांना कंटाळा आलेला असो वा नसो. चौदा वर्षं बसडेपोत ड्रायव्हरांच्या ड्युटीचे तक्ते आखते आहे, विश्रांती ठरलेल्या वेळी दिली नाही की पुढे सगळं कसं कोलमडतं ते मला ठाऊक आहे. टिल्लूची झोपायची चादर हिरवी, तिचा एक कोपरा तो कानाला घासतो. ती धुवायची तर सकाळी लवकर, म्हणजे संध्याकाळपर्यंत वाळते. ठमी शूर दिसते पण परक्या ठिकाणी पहिल्या रात्री दिवा लागतो तिला, आणि दिवा तिच्यासाठी ठेवलाय असं म्हटलेलं चालत नाही, टिल्लूसाठी म्हणायचं.

हे सगळं मला कुठे येत होतं? टिल्लूचं पहिलं लंगोट मी बांधलं ते त्याला उभं केल्याबरोबर गळून पडलं, आणि चार वर्षांची ठमी मला म्हणाली, "आत्या, तू आधी बाहुलीवर शिक." मला शांत घर आवडायचं. कामावरून यायचं, पंखा लावायचा, पाय वर करून पेपर वाचायचा. आता तीन वर्षांत एक पेपर धड वाचलेला नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही. दादाची आठवण या मुलांच्यामुळेच सहन झाली. ठमी त्याच्यासारखी एक भुवई वर करते. पहिल्यांदा केली तेव्हा मी मोरीत जाऊन रडले, आता मुद्दाम खोटंनाटं बोलून तिला ती वर करायला लावते. मुलं नसलेलं हे घर मला नको आहे, वहिनी. हे तुला सरळ सांगते, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल.

मागचं पत्र लिहिलं तेव्हा सहल नव्हतीच. तिकीट नव्हतं, बेत नव्हता, काहीच नव्हतं. तुझं पत्र वाचलं आणि जे सुचलं ते लिहून टपालात टाकून मोकळी झाले. आधी खोटं लिहिलं आणि मग ते खरं करायला बसले. आठ दिवस कामाच्या जागी जेवणाच्या सुट्टीत नकाशे पाहत होते. आणि जागा कशा निवडल्या ते ऐक. जिथे जिने जास्त, ती जागा चांगली. डोंगरावरची विश्रांतीची घरं, वर जायला नुसती पायवाट. तिसऱ्या मजल्यावरची खोली, लिफ्ट नाही ना, ही खात्री करून घेतलेली. शेवटी समुद्रकाठचं दीपगृह, आत गोल जिना, दोनशे चार पायऱ्या. उद्या तू म्हणालीस की मीही येते, तर तुझ्या वाटेत जिना असावा, म्हणून. जी बाई सहा शस्त्रक्रियांनंतर पुन्हा उभी राहायला शिकली, तिच्या वाटेत मी पायऱ्या मांडत बसले होते. शिवाय ठमीचा पुढच्या वर्षाचा शाळेचा अर्जही इथल्याच शाळेत भरून टाकला होता. तो परत घेतला आहे. लाज वाटते हे लिहायला, पण तुझ्यापासून लपवून पुन्हा तुझ्यासमोर उभी राहू शकणार नाही.

तो बेत मी डेपोतल्या एका जुन्या तक्त्याच्या पाठीवर आखला आणि फ्रिजवर लावला. तारीख, निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, विश्रांती, असे रकाने. ठमीला मी सांगितलं होतं की आपण तिघं जाणार. गेल्या शनिवारी सकाळी दूध काढायला गेले तर तक्त्यावर रंगीत पेन्सिलीने गिचमीड. मी ओरडायच्या बेतात होते. मग जवळून पाहिलं. तुला आठवतं, दर महिन्याला आम्ही भेटायला यायचो तेव्हा तू व्यायामाच्या हॉलमध्ये त्या लाकडी तीन पायऱ्या चढून दाखवायचीस? कठडा धरून वर जायचं आणि वर कुठेच पोचायचं नाही, पुन्हा खाली यायचं. ठमी बाकावर बसून ओठ हलवत असायची, मला वाटायचं गाणं म्हणते. ती मोजत होती. मागच्या खेपेला तुला तीन पायऱ्यांना चाळीस आकडे लागले होते. ते तिने लक्षात ठेवलं आणि दीपगृहाच्या दिवसासमोर चाळिसाखाली चाळीस, चाळिसाखाली चाळीस मांडत गेली. जागा संपली तेव्हा कागद आडवा केला. समासात गोल जिना काढलाय, आणि त्यावर थोड्या थोड्या पायऱ्यांवर एक टिंब आणि टिंबाशेजारी लिहिलंय, 'आई बसेल'. मी मोजलं, एकवीस वेळा लिहिलंय. मी दिलेली सकाळी दहाची वेळ खोडून तिने सहा केली आहे, आणि परतीच्या वेळेपुढे लिहिलंय, 'अंधार पडेपर्यंत'.

बेरीज चुकली आहे तिची. मी पुन्हा करून पाहिली, पाऊण तासाच्या फार वर लागत नाही. पण तिने तुला अख्खा दिवस दिला. मी तिला विचारलं, आई येणार आहे असं तुला कुणी सांगितलं? तर भुवई वर करून म्हणाली, "आईशिवाय एवढे दिवस कोण जातं?" आणि दूध पिऊन खेळायला गेली. मी तिथेच खाली बसले. टिल्लू माझ्या मांडीवर येऊन बसला आणि मी का रडते ते त्याने विचारलं नाही, नुसता हिरव्या चादरीचा कोपरा माझ्या कानाला घासत राहिला. त्याच दिवशी डोंगर, तिसरा मजला, सगळं रद्द केलं आणि नव्याने फोन लावायला घेतले. दीपगृह तेवढं ठेवलं आहे. जायचं की नाही, कितव्या पायरीवरून मागे फिरायचं, ते तू आणि ठमी ठरवा. त्या दिवशी मी नसेन.

हो, तुझ्यासाठी तिकिटं सोबत जोडली आहेत, अडतीसच्या अडतीस दिवसांची. माझी फक्त वीस दिवसांची आहेत. आमच्याकडे लांबच्या गाडीवर मध्ये ड्रायव्हर बदलतो. पहिला ड्रायव्हर चालत्या गाडीत कधी जागा सोडत नाही. स्टँडवर गाडी नीट उभी करतो, दुसरा चढला की त्याच्याशेजारी थोडा वेळ थांबतो, गिअर कुठे अडतो, ब्रेक किती दाबावा लागतो ते सांगतो, सही करतो आणि उतरतो. प्रवासी बहुतेक झोपलेले असतात, त्यांना धक्का लागता कामा नये. मी तुला मुलं दारात आणून सोडली असती तर तो चालत्या गाडीतला बदल झाला असता. म्हणून हे वीस दिवस. तळ्याकाठी अंघोळ, जेवण, झोपवणं आपण दोघी मिळून करू. बागेच्या गावी तू करायचंस आणि मी शेजारच्या खोलीत असेन. एकविसाव्या दिवशी सकाळी तुमच्या गाडीत सामान चढवीन आणि खाली उतरेन. मुलांनी खिडकीतून हात केला तर मी हसून हात करीन, ते मला जमेल. तिथून पुढे मुलं तुझी, तुझ्या घरी, तुझ्या गावच्या शाळेत. मला दिवाळं निघाल्यासारखं वाटेल, पण ती माझी गोष्ट. पुढच्या सुट्टीत बोलावलंस तर येईन.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. हे मुलांसमोर बोलता येणार नाही, आणि स्टेशनवर भेटायच्या आधी आपल्या दोघींत ठरायला हवं. टिल्लू मला आई म्हणतो. पहिलं वर्ष मी दर वेळी सुधारलं, आत्या म्हण, आई दवाखान्यात आहे. मग कधीतरी सुधारायचं सोडलं. कुठल्या दिवशी सोडलं ते मला सांगता येणार नाही, पण चुकून सोडलं नाही. तू एकदा विचारलं होतंस की भेटीला आल्यावर हा एवढी बिस्किटं का खातो. त्याचं तोंड रिकामं राहू नये, त्याने तुझ्यासमोर मला हाक मारू नये, म्हणून मी एकामागून एक देत होते. या वेळी मी बिस्किटं आणणार नाही. तळ्याकाठी त्याने आई म्हणून हाक मारली की दोघींनीही ओ द्यायची, त्याला गंमत वाटेल. बागेच्या गावापासून मी ओ देणार नाही. मी बॅगेत काहीतरी शोधत असेन नाहीतर खिडकीबाहेर बघत असेन, तेव्हा माझ्याकडे पाहू नकोस आणि मी रुसले असं समजू नकोस. तू ओ दे. तो सहसा दोनदा हाक मारतो आणि मग थोडा थांबतो. तिसऱ्यांदा मारायच्या आत दे, वहिनी, कारण तिसऱ्या हाकेपर्यंत गप्प राहणं मला जमेल असं वाटत नाही.

तुझीच,
मुलांची आत्या