राजनची हजेरी

११ ऑक्टोबर १९९६, शुक्रवार. खोर फक्कान

पोहोचले एकदाची! दुबईच्या विमानतळावर कंपनीची पिकअप आली होती. पठाण ड्रायव्हर, मोठ्यानं लावलेली हिंदी गाणी, आणि दर दहा मिनिटांनी 'यल्ला भाई, पानी पियो'. वाळू संपली, मग डोंगर लागले, काळे, बोडके, गवताची काडी नाही. आणि एका वळणावर एकदम समुद्र! मी मोठ्यानं 'अगं बाई' म्हणणार होते, कशीबशी जीभ चावली. पुरुषाला 'अगं बाई' म्हणता येत नाही ही पहिली अडचण.

दुसरी म्हणजे दिवसभर आलो, गेलो, जेवलो करायचं. म्हणून या वहीत तरी मी आले-गेले असंच लिहिणार. वही राजनची आहे. पहिल्या पानावर त्यानं झोकात लिहिलंय, 'राजन यशवंतराव रणनवरे, परदेशातले पराक्रम'. पराक्रम आता मला करायचे आहेत.

ही काही खरी फौज नव्हे. बंदराजवळच्या कंटेनर यार्डावर पहारा देणारे चाळीस गार्ड, बहुतेक सगळे आपल्याकडचे माजी जवान. पण वरचे सुभेदार रामचंद्र मराठा पलटणीतून निवृत्त झालेले, त्यांनी अगदी पलटण करून ठेवली आहे. पहाटे उठणं, परेड, सकाळी सातला हजेरी. नाव पुकारलं की छाती काढून 'हाजिर, साहेब!' म्हणायचं. आमच्या वडिलांच्या, बाबासाहेबांच्या हाताखाली त्यांनी एकाहत्तरची लढाई पाहिली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळेच भरून आले त्यांचे. म्हणाले, सरदारांचं पोर बराकीत झोपणार नाही, स्टोअरच्या बाजूची खोली त्याला द्या. माझा जीव भांड्यात पडला.

आरशात खाकी वर्दी पाहिली. दसऱ्याला आमच्या घरी तलवारीची पूजा होते. मुलींनी कुंकवाचं ताट धरायचं, तलवारीला हात लावायचा नाही. सात वर्षांची असताना मी लावला होता, आईसाहेबांनी फाडकन मुस्काटात दिली होती. आज त्या वर्दीत मी चक्क हसले. मग हसल्याची लाज वाटली.

१३ ऑक्टोबर

व्हिसाची मेडिकल झाली. दोनशे माणसांची रांग, एक्स-रेवाला इतका कंटाळलेला की मान वर न करताच 'नेक्स्ट!' छातीला घट्ट पट्टा आहेच, अंगात बनियन. पुन्हा मी काठीसारखी, आईसाहेब कायम म्हणायच्या, हिला बघायला कोण येणार.

आता लिहूनच टाकते, नाहीतर फुटेन मी.

राजन आणि मी जुळे. तो तीनदा सैन्याच्या भरतीत नापास झाला, मग ही नोकरी मिळाली. नऊ तारखेला घरून निरोप घेऊन निघाला. मी त्याला एसटी स्टँडपर्यंत सोडायला, जीप चालवायला महादू. महादू म्हणजे घरचाच, आम्हाला कडेवर घेऊन वाढवलेला. वाटेत धरणाचं पाणी लागलं. मीच म्हणाले, शेवटची पैज. पाण्यात उभ्या वठलेल्या चिंचेच्या शेंड्याला पोहत जाऊन आधी हात लावेल त्याला बाबासाहेबांचं घड्याळ. ते राजनच्या मनगटावर होतं, काढायचं राहून गेलं. मी आधी पोहोचले. वळून बघितलं तर त्याचा हात वर होता. मला वाटलं, नेहमीची नाटकं. मी त्याला वाकुल्या दाखवल्या.

वाकुल्या दाखवल्या मी.

तो सापडलाच नाही. महादू काठावर बसून ऊर बडवत होता. आणि मी काय विचार केला? आईसाहेबांचा जीव राजनमध्ये. पोरगा गेला म्हटलं तर त्या संध्याकाळही बघणार नाहीत. मुलगी गेली तर रडतील, पण जगतील. काठावर त्याचे कपडे होते, पासपोर्ट, तिकीट होतं. चेहरा तर एकच. महादूनं रडत रडत माझे केस कापले. माझे कपडे काठावर ठेवले. मी त्याची बॅग उचलली आणि मुंबईची गाडी धरली.

आईसाहेबांसाठी केलं, असंच म्हणते मी. पण बॅग उचलताना एक क्षण मला आनंद झाला होता. देवा, हे कुणाला सांगू?

१४ ऑक्टोबर

सुभेदारांनी ऑफिसात बोलावलं, खुर्चीत बसवलं, खांद्यावर हात ठेवला. घरून फोन होता. तुझी बहीण मृणालिनी धरणात बुडाली, बेटा. शरीर मिळालं नाही, दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला. आईसाहेबांनी सांगितलंय, राजननं परत यायचं नाही, रणनवरे मोहीम अर्धी टाकत नाहीत.

मी रडले. खरंच रडले, ओक्साबोक्शी. सुभेदार म्हणाले, रो ले बेटा, मर्द भी रोते हैं. मग चाळीस माणसं यार्डात उन्हात उभी केली आणि माझ्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळली. माझ्या स्वतःच्या मरणाला मी सावधान उभी होते.

१८ ऑक्टोबर

आज काहीतरी विचित्र झालं. उन्हामुळे असेल.

सकाळची हजेरी. मी शेवटच्या रांगेत, मागे नुसती भिंत. 'राजन रणनवरे!' मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, 'हाजिर, साहेब!' 'साहेब'मधला 'हे' लांबवलेला. तो तसाच म्हणायचा. वळले तर भिंत. सुभेदारांनी शांतपणे खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. कुणीच मान वळवली नाही.

भिंतीपाशी सिमेंट ओलं होतं. इथे पावसाचा थेंब नाही.

२२ ऑक्टोबर

रोज तेच. मी म्हणायच्या आधी तो म्हणतो.

ड्यूटीच्या वहीत माझ्या आधीच सही झालेली असते. राजनची, शेपटी काढलेली. मला ती शेपटी कधीच जमली नाही. पान ओलसर असतं. वास घेतला. समुद्राचा खारट वास नव्हे. गोड्या पाण्याचा, शेवाळाचा, आमच्या धरणाचा.

२७ ऑक्टोबर

आमची मेस मरियमबी चालवते. दाभोळची, कोकणी मुसलमान, नवऱ्याची मासेमारीची लाँच आहे. तांदळाची भाकरी अशी करते की आईची आठवण यावी. मी बाई आहे हे तिनं तिसऱ्याच दिवशी ओळखलं होतं. तेव्हापासून गरम पाण्याची बादली माझ्या दाराशी ठेवू लागली.

आज तिनं माझ्यापुढे दोन ताटं मांडली. विचारलं तर साधेपणानं म्हणाली, बाय, तुझ्या भावाला नको काय? रोज तुझ्या पाठीमागं उभा असतो, उपाशी. कपडे पण ओले, वाळतच नाहीत बिचाऱ्याचे.

 खरं सांगू? आधी एवढंच मनात आलं — त्याला थंडी वाजत असेल.

२ नोव्हेंबर

महादूचं पत्र. तिसरीपर्यंत शिकलेला, अक्षर वेडंवाकडं. कितीदा वाचलं कोण जाणे.

अठरा तारखेला दहावा होता. माझ्या नावानं पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, पण एक खाली येईना. आईसाहेबांनी हात जोडले. म्हणाल्या, मृणाल, तुझं काय राहिलं? तलवार तुझ्या फोटोपुढे ठेवते. तुला मारलं होतं त्याची क्षमा मागते. काही केल्या कावळा शिवेना. दीड तास बाई उन्हात उभी. शेवटी महादूला राहवेना. तो बाजूला जाऊन हळूच पुटपुटला, राजनदादा, ताईसाहेब तुमचं नाव तुम्हाला परत देतील, मी शब्द देतो. तोंडातून शब्द पडायचा अवकाश, कावळा खाली आला.

घड्याळात साडेआठ झाले होते, असं त्यानं लिहिलंय. तिथले साडेआठ म्हणजे आमचे सात. आमची हजेरी.

खाली लिहिलंय, ताईसाहेब, माझी चूक झाली, अग्नी तुमच्या नावानं दिला आणि गेले ते दादा. त्यांना ना अग्नी, ना पाणी, ना पिंड. त्यांचं नाव देऊन टाका. आईसाहेबांना खरं सांगा.

कसं सांगू? त्या मरतील ना! नाही देणार मी नाव. राजन, ऐकतोयस ना? आईसाठी थांब थोडा.

५ नोव्हेंबर

थांबत नाही तो.

आयडी कार्डावरचा फोटो — त्याच्या उजव्या भुवईवर खूण होती, लहानपणी विटी लागलेली. मला नाही. काल कार्डावर नव्हती. आज आहे.

सुभेदारांना रजा मागितली. ते माझ्या खांद्यावरून मागे बघत बोलले. हो राजन, ठीक आहे राजन, जेवत जा रे, किती वाळलास. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

९ नोव्हेंबर

आईसाहेबांचं पत्र. पाकीट आधीच फोडलेलं, आतला कागद भिजून वाळलेला. माझ्याआधी त्यानं वाचलंय.

'चि. राजन, हे तुला लिहू नये, पण दुसरं माझं आहे कोण. मृणाल गेल्यापासून घास उतरत नाही. तू मुलगा म्हणून तुला सगळं दिलं, तिला फक्त धाक दिला. खरी रणनवरे तीच होती. ती मुलगा असती तर, असं म्हणत मी आयुष्य घालवलं, ती आहे तशीच मला तुझ्याहून जास्त हवी होती हे मला आता कळतंय. राग मानू नकोस बाळा. तू आहेस म्हणून उठून बसते, एवढंच.'

आईसाहेब, मी जिवंत आहे हो! मी इथे आहे! कशासाठी केलं मी हे सगळं?

कोपऱ्यात तो उभा होता, भर दुपारी, पाणी गळत होतं. भ्यायला हवं होतं. पण तो रडत होता. मेल्यावरसुद्धा माणसाला असलं वाचावं लागतं. मी म्हणाले, राजन, तसं नाही रे ते. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, लहानपणी रुसायचा तसा.

१० नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन

टेलिफोन ऑफिस. ठरवलं होतं, खलास, आज सगळं सांगायचं.

आईसाहेबांनीच फोन उचलला. मी म्हणाले, आईसाहेब, मी मृणाल. त्या म्हणाल्या, राजन, किती स्वच्छ आवाज येतोय रे आज. मी ओरडले. मृणाल, मृणाल आहे मी, राजन गेला! त्या म्हणाल्या, हो हो, तू खूश आहेस ना, मग झालं. माझं तोंड हलत होतं, आवाज त्याचा येत होता. तो भलतंच काही बोलत होता. माझे लाडू राखून ठेवा म्हणाला, मे महिन्यात येतो म्हणाला. मग त्याची ती जुनी नक्कल केली, घरच्या दिवाणजींची.

आणि आईसाहेब हसल्या. महिनाभरात पहिल्यांदा असतील हसल्या.

मी फोन ठेवला नाही. ऐकत राहिले. हेच तर हवं होतं मला.

१२ नोव्हेंबर. भाऊबीज

मरियमबीनं ताट आणलं — एकच. त्याच्यापुढे ठेवलं, माझ्यापुढे नाही. मी हाक मारली, तिनं ऐकलं नाही. पाणावलेल्या डोळ्यांनी इकडेतिकडे बघितलं. म्हणाली, बाय, आहेस काय गो?

दुपारी खोलीत कणकेचं निरांजन केलं. तांदूळ, सुपारी. स्टूल मांडलं. म्हटलं, ये.

आला. बसला. खाली पाण्याचं थारोळं. थंडगार. मी टिळा लावला — कपाळ गारगोटीसारखं. ओवाळलं. वात विझली नाही.

म्हणाले, वाकुल्या दाखवल्या रे मी. वळायला हवं होतं. माझंच चुकलं.

त्यानं मनगटावरून घड्याळ काढलं. बाबासाहेबांचं. ताटात ठेवलं.

पैज फेडली त्यानं.

आता माझी पाळी. महादूनं शब्द दिलाय.

१३ नोव्हेंबर. सकाळ

घड्याळ चालू आहे. सातला पाच कमी.

ठरवलं. आज 'हाजिर' म्हणणार नाही. त्याचं त्याला. त्याला घरी जाऊ दे, लाडू खाऊ दे. आईसाहेबांना कुणीतरी उठवून बसवायला हवं.

पण मग माझं — मला तर अग्नी दिलाय. पिंडही ठेवलाय. माझं काय राहिलं, विचारलं होतं त्यांनी. आईसाहेब, तलवारीला एकदा हात —

शिट्टी झाली. सगळे रांगेत. मी वही घेऊनच उभी आहे, कुणी बघत नाही. ऊन आहे. सगळ्यांच्या सावल्या पडल्यात. माझ्या जागी पण पडली आहे, पण ती माझी —

नाव पुकारलं.

तो म्हणाला. किती छान म्हणाला.

सुभेदार पुढे चाललेत. सगळी नावं संपत आलीत. साहेब, एक नाव राहिलं. हजेरीच्या वहीत नाही ते. एकदाच घ्या ना, नुसतं एकदा, मी हाजिर आहे, मृणा