शरयूचा अणू आणि हत्तीचा गूळ

नया बाजार, लष्कर, ग्वाल्हेर
२२ ऑक्टोबर १९५६

चि. सौ. लीलास अक्काचे पोटभर आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल, तुझ्या गुडघ्यांची खुशाली कळव. दादरच्या हवेला तीळतेल हाच उतारा (खोबरेल नको, ते मुंबईत आपोआपच अंगाला लागतं).

मी फार आनंदात आहे गं. आपली शरयू, माझ्या रघुनाथची थोरली, फिजिक्सची मोठी परीक्षा पास झाली, आणि आता मुंबईकडे अणूचं शिक्षण देणारी शाळा निघणार आहे तिथे अर्ज करतेय. अणू म्हणजे काय हे तिने मला तांदूळ निवडताना समजावलं. तांदळाच्या कण्या करत जायचं, कणीची कणी, तिची कणी, शेवटी जे दिसत नाही ते. त्यात म्हणे गाव उजळेल एवढी वीज असते. तेव्हापासून लीला, दुपारी सूप मांडीवर घेतलं की माझी तंद्री लागते. इथल्या बाड्याच्या चौकाजवळ अणूचं कॉलेज निघालंय, शरयू तिथे मास्तरीण आहे, शाळा सुटताना दीडशे पोरी हळदीकुंकवाला निघाल्यागत बाहेर पडतायत, आणि प्रत्येकीच्या मुठीतून बोटांच्या फटींतून उजेड गळतोय. किल्ला सगळा पिवळा झालाय. मग सूप कलंडतं आणि सून ओरडते.

तर त्या अर्जाला रहिवासाचा दाखला हवा होता. आणि आपलं मध्यभारत तर या महिनाअखेरीस बुडणार, नवं राज्य होणार, राजधानी भोपाळला. मी नि शरयू कचेरीत गेलो तर फायली सुतळीने बांधून अंगणात, वर शेळी बसलेली. मुरेन्याचा कारकून म्हणतो, माताजी, पुरानी मुहर अब चलेगी नहीं, नई आई नहीं. मी म्हटलं, मग या आठवड्यात जन्मलेली पोरं कुठली रे, हवेतली? तो म्हणाला, कोई पुराना काग़ज़ लाइए.

माझ्या सासरची सनद तुला ठाऊकच आहे. दर दसऱ्याला तलवारीशेजारी ठेवून आम्ही पूजतो ती. मोडीत आहे, घरात वाचता कोणालाच येत नाही, म्हणून मान जास्त. ओल्या कुंकवासकट नेली. दरबारच्या वेळचे कान्होजी म्हणून एक म्हातारे कारकून होते, त्यांनी चष्मा पुसून भर कचेरीत खड्या आवाजात वाचली. काय असावं? आमचे पणजे सासरे तुकोजी यांनी हत्तीच्या वाट्याचा गूळ खाल्ला, सबब ताकीद, पुन्हा खाल्ल्यास ग्वाल्हेरीतून काढून देऊ! (सत्तर वर्षं फुलं वाहिली गं आम्ही.) शरयूने पदराआड तोंड लपवलं. मी मात्र म्हटलं, काढून देऊ म्हणजे होते ना ग्वाल्हेरीत? कान्होजी इतके हसले की चष्मा शाईत पडला. मग साहेबांकडे जाऊन सहीही आणली आणि जुनाच शिक्का मारला, म्हणाले, एकतीस तारखेपर्यंत हाच खरा.

दाखला देवापुढे ठेवलाय. सनदही परत जागेवर. रघुनाथला काही बोललेले नाही, त्याला त्या सनदेचा अभिमान फार.

तुझी,
अक्का

ता. क. रघुनाथ म्हणतो, मुंबईत घरचं माणूस असेल तरच पोरगी जाईल, नाहीतर माघात लग्न. शरयू तुझ्याकडे राहील. स्वयंपाक येतो, खाते थोडं.

ता. ता. क. तू हो म्हणालीस असं मी त्याला दसऱ्यालाच सांगून बसले आहे. आता तो ते पत्र दाखव म्हणतो. तेव्हा चार ओळी पाठव, वर सप्टेंबरातली तारीख घाल. पोस्टाच्या शिक्क्यावर मी हळद सांडीन. घाबरू नकोस. इथे अख्खं राज्य बदलतंय, तुला एक तारीख बदलायची आहे.