नऊशे साठ काळे लाडू

आई, तुला जाऊन तेवीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुला एक ओळही लिहिली नाही. लिहायची सवय मला कामापुरतीच आहे. नाशिकमध्ये अंबडच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. पार्ट मोजायचा, माप रजिस्टरमध्ये टाकायचं, बरोबर असेल तर हिरवी चिठ्ठी लावायची, नसेल तर लाल. दिवसभर फारसं बोलावं लागत नाही, म्हणून ती जागा मला मानवली. पण या दिवाळीत जे झालं ते घरी सांगून झालं, बहिणीला फोनवर सांगून झालं, तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटतंय. ते तुझ्या नाचणीच्या लाडवांबद्दल आहे, त्यामुळे तुलाच सांगते.

सातपूरच्या कॉलनीतलं आपलं स्वयंपाकघर आठवतं तेव्हा मला आधी खिडकीतला पितळी तांब्या दिसतो. मी सहावीत असताना बाबांना साखरेचा आजार निघाला. त्याआधी आपल्याकडेही सगळ्यांसारखाच फराळ व्हायचा, पाकातले रव्याचे लाडू, साखर पेरलेल्या करंज्या. त्या वर्षी तू ते सगळं बंद केलंस. आम्ही दोघी बहिणी कुरकुरलो तेव्हा तू म्हणालीस, "घरातल्या एका माणसानं सणाला दुसऱ्याच्या ताटाकडे बघत बसायचं, त्याला सण म्हणायचं का? सगळ्यांचं एकच होईल." मग पेठ तालुक्यातून येणाऱ्या बाईकडून तू नाचणी घेतलीस. नाचणीचं पीठ तुपात भाजायचं, त्यात खारकेची पूड, शेंगदाण्याचं जाडसर कूट, तीळ, तळलेला डिंक आणि नावापुरता गूळ. डॉक्टरांनी बाबांना त्यातलाही दिवसाला एकच सांगितला होता. बाबा तो एक लाडू चहाबरोबर अर्धा तास पुरवून खायचे आणि कामावर जाताना म्हणायचे, "आज दिवाळी झाली बुवा."

चव चांगलीच होती. पण रंग काळपट, आणि कॉलनीत फराळाची ताटं एकमेकांकडे जायची. पांढऱ्या-पिवळ्या फराळाच्या मधोमध आपले ते काळे गोळे उठून दिसायचे. मी नववीत असताना समोरच्या ओळीतली माझी वर्गमैत्रीण सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं, तुमच्याकडे शेणाचे लाडू करतात का?" पोरी हसल्या. मी घरी येऊन तुला काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, मी ताट घेऊन जाणार नाही. तू कढईसमोर बसलेली होतीस. वर न बघता विचारलंस, "का?" मी म्हटलं, "काळे दिसतात. चिवडा पाठव, लाडू नको पाठवू." तू वळत असलेला लाडू परातीत ठेवलास. "तुला लाज वाटते तर तू नको जाऊस. लाडू जातील. मी नेते." एवढंच. आवाज चढला नाही, काही नाही. पदराखाली ताट धरून तू बाहेर पडलीस आणि मी खिडकीतून बघत राहिले. मी तोवर एकही लाडू वळला नव्हता. त्यानंतर तू मला वळायला कधी हाक मारली नाहीस आणि मीही येऊन बसले नाही. पुढची आठ वर्षं तू होतीस. दर दिवाळीला तू आत लाडू वळायचीस आणि मी बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचे. मग तू गेलीस.

तू गेल्यावर मी दरवर्षी ते करून बघितले. चव मला पाठ होती, ती बरोबर यायची. लाडू मात्र होत नव्हता. गूळ कमी, त्यामुळे धरून ठेवायला काही नाही. वळताना गोल दिसायचा, तासाभरात तडा जायचा, दुसऱ्या दिवशी डब्यात चुरा. गूळ वाढवला तर दगड व्हायचा. शेवटी मी चुराच वाटीत घालून चमच्याने खायला द्यायला लागले. कारखान्यातही तोच नेते. आमचे सुपरवायझर दरवर्षी वाटी संपवतात आणि म्हणतात, "मॅडम, चव एक नंबर. पण लाडू म्हणून बघितला तर रिजेक्ट माल."

या वर्षी दसऱ्यानंतर साहेबांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. कारखान्याकडून दरवर्षी मिठाईचा डबा मिळतो. गेल्या वर्षी बरेच डबे तिथेच पडून राहिले, त्यांना मुंग्या लागल्या. साहेब म्हणाले, "मला साखर निघालीय. इथे आणखी कितीजणांना आहे? हात वर करा." हात वर होत गेले आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. साहेबांनी विचारलं, "घरगुती काहीतरी देता येईल का? कुणाला जमेल?" सुपरवायझरनी माझ्याकडे बोट दाखवलं. चेष्टेनंच दाखवलं. आई, मी कधी मीटिंगमध्ये बोलत नाही. पण मला बाबांचा तो चहा आठवला आणि मी म्हटलं, "होईल. नाचणीचे लाडू आणि भाजका चिवडा." एकशेवीस डबे, एका डब्यात आठ लाडू. जागेवर येऊन बसले तेव्हा लक्षात आलं की आपण नऊशे साठ लाडू कबूल केलेत आणि आपल्याला एक धड वळता येत नाही.

मग मी माझ्या पद्धतीने लागले. टूलरूममधून लाडवाच्या मापाची एक स्टीलची रिंग करून घेतली, लाडू त्यातून जाईल पण सैल जाणार नाही अशी. रिंग करणारा म्हणाला, "मॅडम, टॉलरन्स किती धरू?" मी खरंच चालेल तेवढ्या फरकाचा आकडा सांगितला. वजनाचा छोटा काटाही आणला. वसुबारसेच्या चार दिवस आधी कँटीनच्या मोठ्या परातीत सगळं कालवलं. मदतीला पॅकिंगमधल्या दोन मुली आणि कँटीनमधली, सटाण्याकडची मावशी. सगळेच तिला मावशी म्हणतात. ती तीस वर्षं नाशकात आहे, पण तिची बोली अजून तिकडचीच, अहिराणी. मी प्रत्येक गोळा काट्यावर ठेवायचे, चाळीस ग्रॅम भरला की वळायचे, मग रिंगमधून काढायचे. संध्याकाळपर्यंत दोनशे झाले. सगळे एकसारखे. मला फार बरं वाटलं. सकाळी येऊन झाकण काढलं तर निम्म्याहून जास्त फुटलेले, उरलेले हात लावला की फुटत होते.

सुपरवायझर मागे येऊन उभे राहिले. या वेळी त्यांनी चेष्टा केली नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. "मॅडम, मिठाईवाल्याला फोन लावू का? अजून वेळ आहे. यात कमीपणा काही नाही." मी म्हटलं, "दुपारपर्यंत थांबा." का म्हटलं ते मला माहीत नाही. माझ्याकडे दुपारपर्यंत करण्यासारखं काहीच नव्हतं. मी पुन्हा थोडं पीठ भाजायला घेतलं. खारीक, कूट, गूळ घातला, परातीत ओतलं आणि काटा पुढे ओढला. तेव्हा मावशीने तो काटा उचलून कपाटावर ठेवून दिला.

"ताई, काल बी तू हेच करं. वजन करत बसनी आनि हाई सगळं थंडं व्हई गयं. गरम शे तवलगून वळनं पडस."

मी म्हटलं, "मावशी, एवढं गरम असतानाच वळायचं? हात भाजतील."

"भाजू दे. तुनी मायना नहीत भाजनात का?"

तुझ्या आईचे भाजले नसतील का, असं ती विचारत होती. साधा प्रश्न. आणि मी परातीसमोर हात तसेच धरून उभी राहिले, कारण मला उत्तर माहीत होतं. दिवाळीच्या आधी तुझे तळहात लाल असायचे. आम्हाला वाटायचं रांगोळीचा रंग असेल, नाहीतर कुंकू. तो खिडकीतला पितळी तांब्या पाण्याने भरलेला असायचा आणि तू मध्येच त्यात बोटं बुडवून पुन्हा परातीकडे वळायचीस. ज्या दिवशी मी ताट न्यायला नाही म्हटलं, त्या दिवशी तू ते पदराखाली धरून नेलंस. ते ताट झाकायला नव्हतं. तापलेल्या हातांना पितळेची कड सोसत नव्हती म्हणून तू मध्ये पदर घेतला होतास. मी खिडकीतून बघत होते आणि मला वाटत होतं, तुलाही लाजच वाटतेय.

मी गार पाण्याचं पातेलं शेजारी घेतलं आणि परातीत हात घातला. आई, काय भाजतं गं ते! पहिल्या लाडवाला मी ओरडले, त्या दोन मुली खो खो हसल्या. पण गरम असताना गूळ मऊ असतो, तूप सुटलेलं असतं, मुठीत दोनदा दाबलं की तो आपोआप बसतो. जोर लावावाच लागत नाही. एवढी वर्षं मी थंड पीठ जोराने दाबत होते. मग मावशीने हिशेब लावला, एका वेळी साठच लाडवांचं कालवायचं, गार व्हायच्या आत चौघींनी संपवायचं, मग पुढचा घाणा. एक भाजतेय, एक कालवतेय, कुणीतरी ओरडतंय, "आला, आला, गरम आला!" कँटीनमध्ये नुसता भाजलेल्या नाचणीचा वास. मशीनवरची माणसं उगाचच पाणी प्यायला येऊन जात होती. एकजण म्हणाला, "आमच्या बॅचची तपासणी कधी होणार, मॅडम?" मावशी म्हणाली, "तू एक खाय आनि चूप बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले. झाकण काढायला मला धीर होईना. काढलं. सगळे जसेच्या तसे, काळे, तुळतुळीत, तुझ्या परातीतले असावेत तसे. मी ट्रे हलवला. मग एक उचलून टेबलावर ठोकला. सुपरवायझर आले, त्यांनीही एक ठोकून बघितला, पण समाधान झालं नाही. म्हणाले, "टेबलावर टिकणं वेगळं आणि डबा घरी पोचणं वेगळं." त्यांनी आठ लाडू डब्यात भरले, डबा मोटरसायकलच्या मागे दोरीने बांधला आणि चहाच्या सुट्टीत सगळ्या खड्ड्यांमधून सातपूरपर्यंत जाऊन आले. गेटपाशी वीसपंचवीस माणसं जमली होती. त्यांनी हेल्मेटसुद्धा काढलं नाही, आधी डबा उघडला. आठच्या आठ अख्खे. त्यांनी डबा उंच धरून सगळ्यांना दाखवला आणि माझ्याकडे वळून ओरडले, "मॅडम, हिरवी चिठ्ठी लावा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला कुठे बघावं ते कळेना. नंतर कुणाचं लक्ष नाही असं बघून मी कपाटावरचा काटा काढला आणि दहा लाडू मोजले. सवय जात नाही. अडतीस ते एकेचाळीस ग्रॅमच्या आत सगळे. रिंग लावलीच नव्हती. आमच्या चौघींच्या मुठीला माप कळलं होतं.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी लाडू-चिवड्याचे डबे वाटले. प्रत्येक डब्यात मी हाताने लिहिलेली चिठ्ठी घातली होती, साखरेचा आजार असेल त्यांनी दिवसाला एकच, आणि डॉक्टरांना विचारून. चिठ्ठी वाचून साहेब हसले आणि म्हणाले, "एक तर एक." आणि तिथेच उभे राहून तो एक खाल्ला. सुट्टीनंतर लोक कामावर आले तेव्हा लेथवरचा एकजण माझ्या टेबलाशी थांबला. तो माझ्यासारखाच, फार न बोलणारा. त्याने पार्टचा ट्रे ठेवला आणि खाली बघत म्हणाला, "ताई, आजार निघाल्यापासून पहिल्यांदा मी पोरांच्या पंगतीत बसून खाल्लं. तेच, जे त्यांनी खाल्लं." मी मान हलवली आणि त्याचा पार्ट मोजायला घेतला. तीनदा मोजला, माप डोळ्यांना दिसत नव्हतं. आई, तुझं काम झालं गं. बाबांसाठी केलेलं ते एकशेवीस घरांत पोचलं. समोरच्या ओळीतली ती मैत्रीण आता कुठे असते मला माहीत नाही, पण ती असती तर मी स्वतः तिच्या दारात ताट घेऊन गेले असते, मान वर करून.

एक गोष्ट राहिली. डबे वाटताना साहेबांनी मला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ही कृती कुणाची?" मी म्हटलं, "माझी." तुझं नाव घेतलं असतं तर रडू फुटलं असतं, असं मी घरी सांगितलं, आणि ते खरंही आहे. पण तेवढंच खरं नाही. माझे तळहात तेव्हा लाल होते, एकशेवीस माणसं माझ्याकडे बघत होती, आणि त्या मिनिटाला मला ते लाडू माझेच असावेत असं वाटलं. दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.