अण्णांच्या दिवाणासाठी अँप

१२ ऑगस्ट २००६, शनि.
दोन्ही कान गेल्यापासून अण्णा टीव्हीसमोर बसतच नाहीत. "मुके चेहरे काय बघायचे?" म्हणतात नि खोलीत जातात. हॉल ओकाबोका वाटतो. कंपनीच्या ऑनसाइट कामावरून परत येताना परदेशातून शेकर आणलाय, आवाजाबरोबर थरथरणारं यंत्र. बैठकीखाली बसवला की पिक्चरचा आवाज अंगाला कळतो. पण त्याला अँप, म्हणजे अँप्लिफायर लागतो. ५० वॉट? १००? नेटवर तिघांची चार मतं. डोकं आउट.

१३, रवि.
घाम गाळून शेकर सोफ्याखाली ठोकला. मृणाल म्हणाली, "अण्णा सोफ्यावर कधी बसलेत?" अरे हो! सोफा पाहुण्यांचा, अण्णांचा दिवाण. बायकोला हे आधी सांगता येत नव्हतं? सगळं काढून दिवाणाच्या फळीला.

१९, शनि.
तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. विचारलं, किती वॉटचा घेऊ? दुकानदार : "वडील बसणार आहेत की उडणार आहेत?" मग म्हणे सबवूफरचा अँप घ्या, तो बोलणं गाळतो, फक्त बेस, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, पुढे जाऊ देतो. नाही पटला तर पुढच्या शनिवारपर्यंत परत. घेतला. पटलं म्हणून नाही, दमलो म्हणून.

२०, रवि.
मारामारीचा पिक्चर लावला. दिवाण हादरला, अण्णाही. पाच मिनिटांत उठले. "नुसते धक्के. त्यापेक्षा वारज्याच्या खड्ड्यांतून रिक्षा बरी. माणसं कुठायत यात?" फार वाईट वाटलं.

२३, बुध.
सहज घरातला जुना स्टिरिओ अँप जोडला. तो काही गाळत नाही. बातम्या चालू. अण्णांनी फळीवर तळवा ठेवला. "आता बाई बोलतेय." बरोबर! "आता बाप्या." तेही बरोबर! शेवटपर्यंत बसले. हसले चक्क!! पण फळीतून असलं गुंऽऽ, की आम्हाला एक शब्द कळेना. मृणाल : "त्यांना बसवून आपण उठायचं का?" भडकलो. तिचं चूक नाही, म्हणूनच जास्त.

२४, गुरु.
नव्या अँपचं बटण फिरवून थोडं बोलणंही जाऊ देऊन पाहिलं. गुंऽऽ कमी. अण्णा : "सगळे तोंडात लाडू घालून बोलतायत." गेले खोलीत.

२६, शनि.
अँप परत करायचा आजच. पिशवीत भरला, काढला, परत भरला. दुकानदाराला फोन, ठेवू की परत करू? म्हणे, "साहेब, वडील तुमचे, मी काय सांगू?"
तेवढ्यात बातम्यांची वेळ. अण्णा न बोलावता बाहेर आले. दिवाणावर बसले, तळवा टेकला. मृणालनं टीव्ही लावला. दोघंही माझ्याकडे बघतायत आणि मी शेकरची वायर हातात धरून उभा : जुन्या अँपला लावू की नव्या?