वाचवलेलं वर्ष

अल अझीझिया, जेद्दा
एक जून

प्रिय अहो,

तुमचं नाव लिहायला घेतलं आणि हात थांबला. संसाराच्या वीस वर्षांत तुम्हाला कधी नावानं हाक मारली नाही. आता मारून काय होणार? ‘अहो’च राहू द्या.

आज तुमचा वाढदिवस. कागदावरचा. आणि निनादचाही, तोही कागदावरचाच. दर वर्षी या दिवशी तुमच्या प्लांटवरून केक यायचा. मोठा तुकडा लेकाच्या बशीत ठेवून तुम्ही म्हणायचात, “आम्ही दोघे सरकारी जुळे.” यंदा केक आला नाही. खोकी आली. तुमच्या कफीलनं, तुम्हाला इथे आणणाऱ्या मालकानं, निनादची बारावीची परीक्षा संपेपर्यंत आम्हाला राहू दिलं. आता घर रिकामं करायचं आहे.

आवरायचं सोडून मी लिहायला बसले ती वाढदिवसासाठी नाही. काल निनादचे जुने फुटबॉल कोच डेरेक येऊन गेले. ते गेल्यावर मला तुमच्यासाठी खोटं बोलावं लागलं. ते तुम्हाला माहीत असायला हवं.

निनाद कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी झाला. मी माहेरी, देवरुखला. तुम्ही इथे. दाई चंद्राकडे बघून म्हणाली, उद्याची वाट बघितली नाही गो यानं. ऑक्टोबर लागला होता. मला त्यात कसलीच शंका नाही. बाळंत मी झाले होते.

तुम्ही इथून मामंजींना कळवलंत, पोराची जन्मतारीख एक जून लावा, शाळेचं वर्ष वाचेल. ते पंचायतीत गेले आणि लावून आले. मी खाटेवरून म्हटलं, असं कसं? सगळे हसले. तुमच्या मास्तरांनी तुमची एक जून लावली होती. तुमच्या वर्गातली निम्मी मुलं एक जूनची होती. कुणाचं काय बिघडलं?

माझंही काही म्हणणं उरलं नाही. घरात आपण त्याला कोजागिरीच्या आदल्या दिवशी ओवाळत होतो. शाळेत तो जूनमध्ये चॉकलेटं वाटत होता. लहान असताना त्याला वाटायचं, सगळ्यांनाच दोन वाढदिवस असतात.

मग फुटबॉल आला.

आठवतं, खालच्या गल्लीत तो येमेनी मुलांबरोबर खेळायचा? दोन्ही बाजूंना गाड्या, मधे जेमतेम खाटेएवढी रुंदी. बॉल पायाला चिकटल्यासारखा. अंगावर येणाऱ्या मुलाला तो नुसतं खांद्यानं फसवायचा, मुलगा एकीकडे जायचा, हा दुसरीकडे. किराणा दुकानाच्या पायरीवर बसून बघणारा म्हातारा ‘यल्ला, हिंदी, यल्ला’, चल रे हिंदुस्थानी पोरा, असं ओरडायचा. तुम्ही कामावरून येऊन गाडीतच बसून राहायचात, खाली न उतरता. वर आलात की म्हणायचात, “पोराच्या पायात काहीतरी आहे.”

तेवढ्यावर थांबला असतात तर?

पण तुमच्या प्लांटवरच्या इंग्रज इंजिनिअरनं तुम्हाला अकादमीचं सांगितलं. शहराच्या उत्तरेला खरं गवताचं मैदान, इंग्लंडचा कोच, इंग्लंडची पद्धत. तुम्ही त्या आठवड्यात माझ्याशी दुसरं काही बोलला नाहीत. मी विचारलं, गल्लीत खेळतोय तो, काय वाईट आहे? तुम्ही म्हणालात, “अगो, इंग्लंडचा माणूस आहे तो. खेळ त्यांनी काढला.”

त्याच्या इकाम्याची, इथल्या राहण्याच्या परवान्याची, झेरॉक्स दिलीत. त्यावर एक जून. नाव लागलं. तिथेच सगळं ठरून गेलं होतं, पण आपल्याला ते कळायला वेळ लागला.

शुक्रवारी असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर आपण जायचो. तुम्ही कठड्यापाशी, मी गाडीत. काचेतून मी वर्षानुवर्षं जे पाहिलं ते आज सांगते. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बाईसाहेब, तुम्ही शाळेत कविता शिकवा.

मुलं रांगेत उभी असायची. एक मुलगा बॉल मारायचा, बाकीचे उभे. मग सामना. दहा वर्षांची मुलं आणि मोठ्यांचं मैदान. मोठ्यांचा गोल. गोलकीपरच्या डोक्यावरून बॉल गेला की सगळे ओरडायचे, जणू बिचाऱ्याचं डोकंच चुकीच्या जागी होतं. मागे दोन धिप्पाड मुलं, पुढे एक धिप्पाड मुलगा. मागच्यांनी बॉल लांब मारायचा, पुढच्यानं धावायचं. मधली मुलं मान वर करून डोक्यावरून जाणारा बॉल बघायची. निनाद मधला होता.

कधी बॉल त्याच्याकडे आलाच तर तो थांबवायचा. वळायचा. गल्लीतलं काहीतरी करायला जायचा. लगेच कठड्यावरून इंग्रज बाप ओरडायचे, “मार! मार पुढे!” कोचही ओरडायचे. आणि एका शुक्रवारी त्या आवाजांत मला तुमचा आवाज ऐकू आला. गावाकडच्या इंग्रजीत. “पुट इट अवे, निनाद, पुट इट अवे!”

त्या दिवशी घरी येताना तो म्हणाला, “आज बॉल मिळालाच नाही.” तुम्ही म्हणालात, “पण जिंकलो ना?”

तो सगळ्यांत लहान दिसायचा. अंगानं, हातापायांनी. त्याच्या तुकडीतल्या ऑलिव्हरच्या ओठावर लव आली होती आणि याचे दुधाचे दात पडत होते. तुम्ही अंडी वाढवलीत, खजूर वाढवलात, दूध वाढवलंत. बेडरूमच्या दारात प्लांटवरचा पाइप आडवा बसवलात, लोंबकळल्यानं उंची वाढते म्हणून. संध्याकाळी पोर त्याला लटकायचं आणि तुम्ही खाली उभे. “अजून थोडं. अजून थोडं.” दार, पाइप, अंडी, सगळं बघितलंत. तारखेकडे बघितलं नाहीत.

आणि मग तो दिवस.

सीझन संपला होता. निनाद नळावर पाय धूत होता. कोच तुम्हाला गाडीपाशी घेऊन आले. माझ्या बाजूची काच खाली होती, इथल्या नियमानं बुरखा घातलेल्या बाईला इंग्रजी कळत असेल असं त्यांना वाटलं नसावं. ते अगदी सौम्यपणे बोलत होते. पुढच्या वर्षी त्याला ठेवता येणार नाही. पाय सुंदर आहेत, पण अंग नाही. धक्का लागला की पडतो. मग त्यांनी कारण सांगितलं. इंग्लंडात तुकड्या सप्टेंबर ते ऑगस्ट अशा करतात. सप्टेंबरचा मुलगा तुकडीत मोठा, जून-जुलैचा लहान, जवळजवळ वर्षाचा फरक. लहान वयात वर्ष म्हणजे फार. मोठा दिसतो त्याला निवडतात, निवडलेल्याला जास्त शिकवतात, जास्त खेळवतात, मग तो खरोखरच चांगला होतो. “उन्हाळ्यातली मुलं आमच्याकडे अशीच गळतात,” ते म्हणाले. “दुर्दैव. ऑक्टोबरचा असता तर खालच्या तुकडीत गेला असता. कॅप्टन केला असता मी त्याला.”

तुम्ही ‘थँक यू, सर’ म्हणालात.

तुम्ही गाडीत बसलात, तेव्हाचं आपलं बोलणं मला शब्द न् शब्द पाठ आहे.

“मग सांगा त्यांना,” मी म्हटलं.

“काय सांगू?”

“की तो ऑक्टोबरचा आहे.”

“आणि ते विचारतील, इकाम्यावर जून कसा?”

“फुटबॉलचे कोच आहेत ते. पोलीस नाहीत.”

“इंग्लंडचा माणूस आहे. खोटं चालत नाही त्यांना. एकाला दोन तारखा म्हटलं की कंपनीत जाईल, कंपनीतून पुढे जाईल. पासपोर्ट, इकामा, शाळा. तारीख खोटी असेल गो, पण सगळीकडे एकच आहे.”

“पोराचा खेळ जातोय.”

“वर्ष वाचलंय त्याचं. ते घालवू?”

निनाद मागच्या सीटवर येऊन बसला. ओल्या पायांनी. त्यानं आपल्या दोघांच्या मानांकडे पाहिलं असणार. “खलास?” त्यानं विचारलं.

“खलास,” तुम्ही म्हणालात. “आता अभ्यास.”

तुम्हाला नोकरीची भीती होती, हे मला कळतं. भीती खोटी नव्हती. इथे कागद म्हणजे माणूस. पण तुम्ही विचारून तरी बघायचं होतं. कागदाला हात न लावता खालच्या तुकडीत खेळू देता का, एवढंच. नाही म्हणाले असते तर नाही. तुम्हाला हो-नाहीचा प्रश्नच ऐकायचा नव्हता. इंग्रज माणसापुढे आपण खोटे ठरू नये, एवढंच तुम्हाला हवं होतं. त्याच्या ‘सुंदर पाय’वर तुम्ही समाधानी होतात. ते वाक्य तुम्ही नंतर पाहुण्यांना सांगायचात.

त्यानंतर तो गल्लीतही खेळला नाही. येमेनी मुलं खालून हाका मारायची. तो खिडकी लावून घ्यायचा.

आणि मग तो वाढला. दोनएक वर्षांत तुमच्याहून उंच झाला. आज त्या पाइपाखालून जाताना त्याला वाकावं लागतं. घरमालकानं पाइप काढून भिंत नीट करून द्यायला सांगितली आहे.

काल कोच आले तेव्हा निनाद तेच करत होता, पाइपाचे स्क्रू सैल. तुम्ही गेल्याचं त्यांना कुणीतरी उशिरा कळवलं. खुर्ची नव्हती, खोक्यावर बसले. म्हातारे झालेत. निनादकडे मान वर करून बघत राहिले. चहा घेताना स्वतःबद्दल बोलले. सोळाव्या वर्षी त्यांच्या क्लबनं त्यांना काढलं होतं. लहानपणापासून तिथेच होते. एका दुपारी बूट बांधत असताना कुणीतरी येऊन सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. बूट अर्धे बांधलेले. पुढे बरीच वर्षं रस्त्यावर डांबर घातलं. “आमच्याकडे हजारो मुलं अशी जातात,” ते म्हणाले. “मागे वळून कुणी बघत नाही.”

मी विचारलं, “मग तुम्ही आमच्या मुलांशी तेच का केलंत?”

माझं इंग्रजी ऐकून ते दचकले. कप खाली ठेवला. “मला तेवढंच शिकवलं होतं,” म्हणाले.

मला त्यांचा राग आला नाही असं लिहिणार नाही. आला. स्वतःला लागलेलं विसरले नव्हते. ते त्यांनी पद्धत म्हणून जपलं, विमानात घालून इथे आणलं, आणि आपण ते इंग्लंडचं म्हणून रांगेत उभं राहून घेतलं. जिंकले किती, तर शुक्रवारची लीग. त्या तुकडीतला एकही मुलगा आज खेळत नाही. ऑलिव्हरसुद्धा नाही, बाकीची मुलं त्याच्याएवढी झाल्यावर त्याला काही येत नव्हतं. हे त्यांनीच सांगितलं.

उठताना त्यांनी निनादच्या खांद्यावर हात ठेवला. हात वर करावा लागला. “तू जूनचा नसतास तर,” म्हणाले. सप्टेंबरचं सगळं त्याला समजावून सांगितलं, जसं तुम्हाला सांगितलं होतं तसंच. तुम्हाला सांगितल्याचं मात्र त्यांना आठवत नव्हतं. असं किती बापांना सांगितलं असेल.

दार लागलं. निनाद स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन उभा होता.

“आई,” तो त्याच्या शाळेतल्या हिंदीत म्हणाला, “मैं तो ऑक्टोबर का हूँ ना?”

“हो.”

“ये सप्टेंबरवाला चक्कर पप्पा को पता था?”

काय सांगायचं होतं मी त्याला? तुम्ही असतात तर म्हटलं असतं, विचार त्यांनाच. तुमच्या फोटोला अजून हार घालायला खिळासुद्धा नाही, तो भिंतीला टेकवून खाली ठेवलाय, आणि मुलगा त्याच्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

“नाही,” मी म्हटलं. “त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.”

त्यानं मान हलवली. चेहरा मोकळा झाला त्याचा. “तभी,” म्हणाला. “नहीं तो पप्पा बोल देते।”

आणि परत स्क्रू काढायला लागला.

एवढंच कळवायचं होतं. पप्पा बोल देते. कालपासून हे वाक्य या रिकाम्या घरात फिरतंय. तुम्हाला ऐकू येतंय का?

पुढच्या आठवड्यात आम्ही निघतो. तो पुण्याला इंजिनिअरिंगला जाईल. वर्ष वाचलंय, त्यामुळे सतराव्या वर्षीच जाईल. सगळे म्हणतात, किती हुशार, किती लहान. वाचवलेल्या वर्षाचं काय करायचं, ते मात्र तुम्ही सांगून गेला नाहीत.

तुम्हाला शब्द देते. तुम्हाला माहीत होतं, हे त्याला माझ्याकडून कधी कळणार नाही. त्याचा बाप बोलला असता, हे त्याच्यापाशी राहू दे. पण त्याला मूल होईल तेव्हा नोंद करायला मी जाईन. कुणाला पाठवणार नाही, कुणाचं ऐकणार नाही. ज्या दिवशी जन्मेल तोच दिवस लिहून घेईन आणि समोर उभी राहून वाचून बघेन.

वर्ष गेलं तर जाऊ दे.

तुमची,
सुनंदा