बर्फातल्या तीन नळ्या

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

अमोनिया ३९०! एवढ्याशा बाळात शंभराच्या आसपास हवा. बिडकीनच्या एका दवाखान्यातून आलेलं, तीन दिवसांच्या बाळाचं रक्त. दूध पीत नाही, हलवलं तरी डोळे उघडत नाही म्हणे. पण नळी नुसत्या डब्यात आली – बर्फ नाही, दीड तास मोटारसायकलवर. रक्त असं पडून राहिलं की नळीतच अमोनिया वाढतो. मग या ३९० मधला बाळाचा किती अन् नळीचा किती?

लॅब विश्वजीत सरांची. ते म्हणाले, "नमुना खराब, पुन्हा पाठवा – एवढं लिही आणि सोड."

लिहिलं. जेवणाचा डबा तसाच घरी परत आणला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळी दुसरी नळी. परत बर्फ नाही! ४४०.

"बघ, तेच. खराब."

"सर, आणि खरं असलं तर?"

"संध्या, सतरा वर्षं झाली ना तुला इथं?"

सतरा वर्षं झाली म्हणून तर विचारलं!

अर्धी रजा टाकली. छोटं सेंट्रिफ्यूज, नळ्या गरगर फिरवून रक्तातलं पाणी वेगळं करायचं यंत्र, न विचारताच उचललं, बर्फाचा डबा स्कूटीला बांधला, बिडकीन गाठलं. बाळाचा हात उचलला की तसाच खाली पडतो. आई प्रेरणा भिंतीकडं तोंड करून बसलेली.

सिस्टरला म्हटलं, बाळासोबत धडधाकट माणसाचंही रक्त द्या. एकच बर्फ, एकच रस्ता – वाटेत आकडा वाढला तर सगळ्यांचाच वाढेल. बाळाच्या आजीनं, पारूबाईनं, लगेच हात पुढं केला. "माझं घ्या. लागंल तेवढं घ्या." तिसरी नळी माझी. तिथंच फिरवल्या, वरचं पिवळं पाणी वेगळं काढून बर्फात ठेवलं.

निघताना पारूबाई हळूच म्हणाल्या, "पहिलं लेकरू बी असंच झोपू झोपू गेलं, ताई. पाचव्या दिशी. तवा बी शहरात रक्त धाडलं व्हतं."

स्कूटी कशी चालवली, आठवत नाही.

पारूबाई ३१. मी २८. बाळ ५१०.

कागद सरांपुढं ठेवला. दोनदा वाचला त्यांनी. मग स्वतःच बिडकीनच्या दवाखान्याला फोन लावला – "दूध बंद करा, त्यातल्या प्रथिनांचाच अमोनिया होतोय. सलाईन लावा. आत्ताच हलवा, आत्ता!"

गुरुवार, १३ फेब्रुवारी

बाळ इथं मोठ्या दवाखान्यात, अतिदक्षता विभागात. काही कळत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

अमोनिया १४०! प्रेरणाचा फोन. धड बोलताही येईना तिला. "ताई, बघतंय माझ्याकडं." लॅबमध्ये सगळ्यांदेखत रडले. सर म्हणाले, यापुढं बर्फाशिवाय नळी घ्यायचीच नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज कॉम्प्युटरवर जुनी नोंद शोधली. ऑगस्ट २०२२. 'बेबी ऑफ प्रेरणा', बिडकीन. अमोनिया ३६०. शेरा – नमुना खराब, पुन्हा पाठवा. दुसरी नळी आलीच नाही.

सही माझी. आणि मला ते बाळ आठवतसुद्धा नाही.