पूजेच्या वेळी उतरवलेलं घड्याळ

आप्पा,

मायला आत्ताच आत नेलं. नांदेडच्या दवाखान्यात, हिरव्या पडद्यामागं. तुमची सून शेजारी बाकावर बसून ओठातल्या ओठात पंचाक्षरी म्हणायलीय आणि मला रिकाम्या हातानं बसवेना म्हणून खालच्या दुकानातून चार कागद घेऊन आलोय. मायच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, एक छोटं यंत्र बसवणार आहेत. त्यात सेल असतो म्हणे. काळीज मधेच सुस्तावलं की ते त्याला टोचून पुढं हाकतं. भिण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना माझ्याकडं न बघता कागदाकडं बघत होते, म्हणून मी भ्यालो. माझ्या सदऱ्याच्या खिशात दोन घड्याळं आहेत. एक तुमचं, बंद पडलेलं. दुसरं मायच्या मनगटावरचं, तुमच्या नातवानं पुण्याहून पाठवलेलं. आत नेताना ते काढून माझ्याकडं दिलं. ते अजून खिशात गुरगुरतंय. बराच वेळ बसलात, जरा उभं राहा, असं सांगत असणार. त्याला काय कळतं, कोण कशासाठी बसलंय ते.

सुरुवात अंगणातून झाली. बेल तोडताना माय पडली आणि पाय घसरला म्हणाली. पायात चप्पल नव्हती, फरशी कोरडी होती, घसरायला काय होतं तिथं? परभणीला नेलं. डॉक्टरांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली तर ती निर्दोष. ते म्हणाले, ठोके कधीतरी अचानक मंदावत असणार, पण ते मंदावतात त्या घडीलाच पकडायला हवं, नाहीतर आमच्या हाती काही लागत नाही. नातवाला हे कळलं आणि त्यानं हे घड्याळ धाडलं. हे मनगटावरून काळजाचे ठोके मोजतं आणि इकडं सोनपेठला मोजलेलं तिकडं पुण्यात त्याला दिसतं. आप्पा, तुम्ही असता तर हसला असता. रोज चार्जिंगला लावायचं. एक दिवस विसरलं की काळी पाटी. नेट गेलं की त्याची आणि फोनची ताटातूट, मग दोघांची परत जोडी लावायला पोराला फोन. माय वरवंट्यानं चटणी वाटायला बसली की हे तिला शाबासकी देतं, आज तुम्ही भरपूर चाललात. माय म्हणायची, "येड्या बापाचं हाय हे. बसल्या जागी चालवायलंय मला."

पण बांधायची. फक्त पूजेला बसताना काढून खिडकीत ठेवायची. तुम्हाला तर माहीतच आहे तिची पूजा. अंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, पाणी, बेल, आणि मग त्याच्याकडं एकटक बघत बसायचं. तळहात वर केला की ह्या घड्याळाला वाटतं आपल्याकडंच बघायलेत, आणि ते लख्खकन पेटतं. पहिल्याच दिवशी तिनं ते उपटून ठेवलं. देवाच्या तोंडासमोर बॅटरी मारतंय म्हणाली. नातवाला रोज सकाळी तेवढ्या वेळाचं काहीच दिसायचं नाही. तो फोनवर म्हणायचा, "बाबा, आज्जीला सांगा ना, तेवढंच राहतंय." उजव्या हाताला बांध म्हटलं, तर उजव्या हातानं भस्म-पाणी करायचं असतं. शेवटी मी हात जोडले, तेव्हा ती पेटीतून तुमचं घड्याळ काढून आणून माझ्या पुढ्यात ठेवते आणि म्हणते, "हे चालू करून दे. ज्या दिवशी ह्यांचं चालंल, त्या दिवशी पूजेतबी बांधते."

तुम्हाला आठवतं का ते घड्याळ आणलं तो दिवस? चावीचं जुनं घड्याळ रोज भस्म लावून झालं की फिरवायची तुमची सवय. हे नवं, सेलवरचं आणलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा अंगठा आणि बोट आपसूक मनगटाकडं गेलं. फिरवायला काहीच नव्हतं. तुम्ही दुकानाच्या गादीवर बसून जरा वेळ त्याच्याकडं बघत राहिलात आणि म्हणालात, "ह्याला आमची गरज न्हाई." तरी शेवटपर्यंत तेच बांधलंत. आणि मी लहानपणी दुकानातला रेडिओ उघडून बसलो होतो, तेव्हाचं तुमचं बोलणं अजून कानात आहे. मारलं नाहीत. फक्त म्हणालात, "उघडलास ते ठीक. आता तुझ्या बापाला तो मिटवून दाखव." मला तो मिटवता आला नाही आणि तुम्ही तसाच फडक्यात बांधून ठेवलात. त्यानंतर मी शिकलो ते असंच, उघडून, बिघडवून. शाळेत कुठं कुणी शिकवलं?

तर आप्पा, मी तुमचं घड्याळ उघडलं. दुकान पोरीच्या नवऱ्याकडं दिल्यापासून दिवसभर मला काम नसतंच. खिडकीखाली टेबल मांडलं, भिंग डोळ्याला लावलं. मागचं झाकण निघता निघेना, निघालं तेव्हा सुरी अंगठ्यात गेली. आत जुना सेल फुटून त्याचा हिरवा चिखल वाळून बसला होता. काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटनं पुसत बसलो. नवा सेल आणला, टाकला, काही नाही. परत पुसलं, परत टाकला, तर सेकंदाचा काटा हलला! तुमच्या सुनेला हाक मारली. ती हातातलं पीठ तसंच घेऊन आली. काटा जागच्या जागी थरथरत होता, पुढं जात नव्हता. हिव भरल्यासारखा. ती म्हणाली, "थंडी वाजायलीय वाटतं त्याला," आणि निघून गेली. एक स्क्रू उडाला तो तीन खोल्यांत शोधला, तोवर घरात झाडू मारायला बंदी. दोघी सासवा-सुना माझ्यावर हसायच्या. परभणीला स्टँडजवळच्या पोराला दाखवलं. त्यानं भिंगसुद्धा लावलं नाही. "काका, हे मशीन येत न्हाई आता. नवं मशीन टाकतो, वरची तबकडी तुमचीच. न्हाईतर ठेवून द्या आठवण म्हणून." मशीन बदललं तर मग त्यात तुमचं काय राहिलं? मी घेऊन परत आलो. अट तिनं घातली होती, पळवाट मला नको होती.

आणि रोज सकाळी पूजेच्या वेळी ते दुसरं घड्याळ खिडकीत उताणं पडलेलं. मी टेबलाशी, माय देवघरात, मधे नुसती एक भिंत. भिंतीपलीकडं तांब्याचा आवाज झाला की मला बरं वाटायचं. आवाज थांबला की मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून कान द्यायचो. मग परत आवाज यायचा आणि मी परत वाकायचो. असं किती दिवस चाललं कोण जाणे. एका दुपारी स्क्रूड्रायव्हरचं पातं निसटलं. आत केसाहून बारीक तांब्याच्या तारेचं एक रीळ असतं, सगळा जीव त्याच्यात. तार तुटली. आवाजसुद्धा झाला नाही. काटा थरथरायचाही थांबला.

मी कुणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं परभणीला निघालो, म्हटलं तशाच जुन्या मशीनचं एखादं भंगार घड्याळ मिळालं तर रीळ काढून घेऊ. गाडी पाथरीच्या स्टँडवर उभी आहे आणि नातवाचा फोन येतो. "बाबा, आज्जीची पूजा अजून चाललीय का? घड्याळ अजून हातात न्हाई. रोज एवढा वेळ लागत न्हाई तिला." मी म्हणतो, रंगली असेल. "आईला फोन लावा ना. उचलत न्हाई ती." मी लावतो. वाजतो, वाजतो, बंद होतो. परत लावतो. कंडक्टर घंटी मारतो आणि मी चालत्या गाडीतून उतरतो. सोनपेठची गाडी नाही. एक जीप उभी आहे, ड्रायव्हर चहा पितोय. "निघा की." "काका, दोन शीटं आली की निघतो." "ती दोन शीटंबी मीच समजा!" मी असा ओरडलो की त्याचा कप हिंदकळला. तो माझ्या तोंडाकडं बघतो, कप ठेवतो आणि स्टार्टर मारतो. रस्ताभर फोन. नातू तिकडून विचारतो, पोचलात का? कसा पोचणार, आत्ता कुठं गाव मागं पडलं. शेजाऱ्यांचा नंबर माझ्याकडं नव्हता, जावयाचा फोन लागेना. ते दुसरं घड्याळ तिकडं पुण्यात एवढंच सांगत होतं की त्याला मनगट सापडत नाही. त्या वाक्याचे दोन अर्थ होतात, आणि ड्रायव्हर गिअर बदलायचा तेवढ्या वेळात मी दोन्हीकडं जाऊन यायचो.

तुमची सून नळाला पाणी आलं म्हणून खाली होती, फोन वर चार्जिंगला. आम्ही दोघं बरोबरच देवघरात शिरलो. माय भिंतीला टेकून, मान कलंडलेली, तोंड पांढरं. तांब्या आडवा, पाणी पाटाखाली गेलेलं. डाव्या हाताची मूठ छातीशी गच्च. मी खाली बसलो तर डोळे उघडले.

"मेले न्हाई. उगं बोंबलू नगंस."

"माय, असं कधीपासून होतंय?"

तुमच्या सुनेनं तिचं तोंड पुसलं, पाणी पाजलं. मग माय म्हणाली, "बेल तोडायच्याबी आधीपासून. पूजेत बसलं की अंधारी येती. जरा टेकलं की जाती."

"आन सांगितलं न्हाईस?"

"सांगून काय? दवाखान्यात घालताल. तुझ्या मावशीला घातलं तवा गळ्यातलं काढायला लावलं. बांगड्यासंगं ताटात ठिवलं. ती तशीच गेली, अंगावर देव नसताना. मला तसं जायचं न्हाई."

मी म्हटलं, "मी तुझ्यासाठी ते घड्याळ घेऊन गावोगाव हिंडायलोय."

तेव्हा ती हसली, आप्पा. त्या पांढऱ्या तोंडानं. "आरं, त्ये चालत न्हाई हे मला ठाव होतं. ह्यांनीच आजारी पडायच्या आधी पूर्ण्याला नेऊन दाखवलं होतं. त्यो म्हणला, मशीन मेलं. म्हणून तर तुला दिलं." आणि वर म्हणते, "बरं झालं, कामाला लागलास. न्हाईतर दिसभर माझ्या तोंडाकडं बघत बसला असतास."

आप्पा, तुम्ही हे मला कधी बोलला नाहीत. बंद घड्याळ बांधूनच गादीवर बसायचात का शेवटी शेवटी? गिऱ्हाईकानं किती वाजले विचारलं की तुम्ही रस्त्यावरच्या उन्हाकडं बघून सांगायचात. मला ती तुमची ऐट वाटायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या पाटावर तिच्या शेजारी बसलो. इष्टलिंगाला कुणी हात लावणार नाही, हा शब्द मी दिला, कशाच्या जोरावर ते मलाच ठाऊक. तिनं उजव्या हाताला ते घड्याळ बांधू दिलं. भस्म लावताना ते पेटलं, तिनं त्याला एक शिवी हासडली, देवाची माफी मागितली आणि पुढं चालली. मग ती निश्चल बसली आणि माझे डोळे देवाऐवजी तिच्या उजव्या मनगटावर. आकडा उतरायला लागला. उतरत गेला. मी तिच्या पाठीमागं हात नेला आणि ती माझ्या हातावर आली, हलकी, पिसासारखी. घड्याळ थरथरत होतं आणि तिकडून नातवाचा फोन वाजत होता, आणि मी तिचा डावा तळहात खालून माझ्या तळहातानं तोलून धरला होता, तिच्या हातातलं खाली पडू नये म्हणून. डॉक्टरांना हवं होतं ते पकडलं गेलं.

काल इथं आलो. मायनं डॉक्टरांना विचारलं, "आतला सेल संपला तर परभणीच्या पोराकडं जायचं का?" ते हसले. गळ्यातल्या विषयावर मात्र हसले नाहीत. मानेजवळ काही चालणार नाही म्हणाले. मी भांडायच्या तयारीत उभा राहिलो. मग तिथल्या एक सिस्टर पुढं आल्या. म्हणाल्या, "आज्जी, उजव्या मुठीत धरा. मी वरून पट्टी गुंडाळते. सोडायचं नाही." डॉक्टरांनी मान हलवली. मुठीवर पांढरी पट्टी, एवढी मोठी, मुष्टियोद्ध्यासारखी. तशीच आत गेली.

जरा थांबतो. पडदा हलला.

बाहेर आणलं, आप्पा. जागी आहे. ओठ सुकलेत, पण रंग आहे. डोक्याजवळ पडद्यावर ठोके दिसतात, एकामागं एक, शहाण्यासारखे. पट्टी तशीच आहे आणि सिस्टरांनी ती सोडवायला घेतली तर माय बोटं उघडेना. "संपलं आज्जी, सोडा." "थांब गं बाई," ती म्हणाली, "अजून जरा." सिस्टर थांबल्या. तुमची सून रडत पाणी आणायला गेली आणि मी हे लिहायला परत बाकावर आलो, खरं तर मलाही तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

हा कागद ती बरी झाली तरी तिला वाचून दाखवणार नाही. तुमचं घड्याळ मी आता दुरुस्त करणार नाही. आणि एक सांगायचं राहिलं. तिनं मला फसवून त्या टेबलाशी बसवलं असं ती समजते, पण आप्पा, मीही तिथं सुखानं बसलो होतो. मेलेलं यंत्र उघडून बसायला मला भीती वाटत नव्हती. भिंतीपलीकडं तिच्याजवळ जाऊन बसायची वाटत होती.